आत्याच्या खोलीतला गारवा

दुपार झाली की द्वारकाआत्याच्या रिकाम्या खोलीच्या भिंती गार व्हायला लागत. अकोल्याच्या उन्हात हेमराजच्या घरातली तीच खोली सगळ्यात थंड असायची. या नव्या भिंती माणसाचं अंग ओळखत आणि त्याला सोसेल तसा गारवा धरत. त्या बसवायला सरकारी मदत मिळायची, पण घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तरच. म्हणून हेमराजने आत्याला कारंज्याहून आणलं होतं आणि मदत मंजूर होताच गोड बोलून एसटीत बसवून दिलं होतं. भिंती मात्र तिला विसरल्या नव्हत्या.

“मला नाही बसवत त्या खोलीत,” त्याची बायको प्रतिभा एकदा म्हणाली. “दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटतं.”

रविवारी हेमराज कारंज्याला गेला. तापलेल्या पत्र्याखाली आत्या डोक्यावर ओला पदर घेऊन बसली होती.

“आत्या, चल घरी.”

ती लगबगीने उठली, पिशवी झटकली.

“येतो ना बापा. या खेपेला किती दिवसांचे कपडे घेऊ?”

हेमराजने पिशवी तिच्या हातातून घेतली आणि दांडीवरची सगळी लुगडी काढून आत भरायला लागला.