पातालपानीची सहल

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. बुवा यायला वेळ आहे, तोवर आमच्या परदेशीपुऱ्यातल्या अंबिकाबाईंची गोष्ट ऐका.

लग्न झाल्यापासून त्यांची एकच हौस होती, नवऱ्याच्या सायकलवर बसून पातालपानीचा धबधबा बघायचा. नवरा, दिगंबरराव, कापडाच्या मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर. त्या खडखडाटाने त्यांचे कान पार नेले, पण सहलीपुरती सवड काही दिली नाही. मग एक दिवस मिललाच कुलूप लागलं. "क्या भिया, अब तो रोज पिकनिक!" शेजाऱ्याने टोमणा मारला. दिगंबररावांनी तो मिलच्या सवयीने ओठांवरून वाचला आणि त्या दिवसापासून बोलणंच सोडलं.

श्रावणात अंबिकाबाईंनीच डब्यात पोळीभाजी भरली, नवऱ्याला ओढून बाहेर काढलं नि कॅरिअरवर जाऊन बसल्या. एकदा यांच्या तोंडून शब्द फुटू दे, एवढंच वाटभर खजराना गणपतीला विनवत होत्या.

महूच्या पुढचे हिरवेगार डोंगर दिगंबररावांनी मान वर करून पाहिलेदेखील नाहीत. पण धबधब्याच्या कड्यावर पोचले, पायाखालचा खडक थरथरू लागला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. अंबिकाबाईंनी डोळे मिटून हात जोडले.



"अगं, लूम चालू झाले!" दिगंबरराव ओरडले. "डबा दे लवकर, पाळीवर जायला उशीर होईल मला!"



अंबिकाबाईंनी डबा त्यांच्या हातात दिला, मंडळी. आज आरतीला टाळी वाजवून देवाकडे काही मागाल, तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.