कोकोबोलोचं टोक

"नख फिरवून बघ," ऑरिन हॅस्केल रायफल बाकावर ठेवत म्हणाला. "अडकतंय की नाही सांग."

मार्लिसने नख फिरवलं. अक्रोडाचा दस्ता संपून जिथे कोकोबोलो लाकडाचं लालकाळं टोक सुरू होत होतं, तिथे केसाएवढी फट पडली होती. नख अडकलं.

"काल निशाण जुळवायला नेली. चार बार काढले असतील नसतील. उद्या एल्कच्या शिकारीचा मोसम उघडतोय, आणि माझ्या हातात हे."

"आज नाही होणार, काका. गोंद धरायला रात्र जाते."

"मग पहाटे येतो." पण तो गेला नाही. खिडकीपाशी गेला, बाहेर गाडीत बसवलेल्या कुत्र्यावर ओरडला, परत बाकापाशी आला. "हॅल्वरच्या हातचे आणखी दस्ते आहेत माझ्याकडे. एकाचाही सांधा हललेला नाही. तुझा बाप आत खुंटीसुद्धा घालायचा नाही. म्हणायचा, दोन तोंडं नीट जुळली की खुंटी कशाला? लग्नात काय खिळे ठोकतात?"

"माहीत आहे मला."

"मग हे कुणी केलं, पोरी?"

मार्लिसने स्क्रू सोडवले, नळी उचलून बाजूला ठेवली आणि मोकळा दस्ता बाकावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळला. गरजेपेक्षा जरा जास्तच.

"सुटं करू दे आधी. मग बोलू."

या दस्त्याला तिने फक्त तेल पाजलं होतं. टोक बसवलं होतं बाबांनीच, मार्चमध्ये, याच बाकावर. तेव्हा ती त्यांच्याकडे पाठ करून दुसरंच काही कानशीत होती. बाबा जुलैत गेले. शिकारी क्लबमधल्या दोघांनी लगोलग दस्त्यांसाठी दिलेले आपापले अक्रोडाचे ठोकळे परत मागितले होते. पोरीचा हात अजून बसलेला नाही, असं म्हणाले म्हणे. ऑरिन उद्या शिकारीच्या तळावर सगळ्यांना भेटणार होता. हा सांधा कुणाचा, हे तो तिथे सांगितल्याशिवाय राहणार नव्हता.

तिने गरम हवेचा झोत सांध्यावर धरला.

"जपून. चकाकी जाईल."

"काका, तुम्ही बसा बघू जरा."

"बसायला नाही आलो मी." तो पुन्हा खिडकीशी गेला. "ए, सीट फाडू नकोस! ... झालं का?"

"नाही."

"हॅल्वर एव्हाना काढून मोकळा झाला असता."

झोत बंद करून तिने लाकडी मोगरी घेतली आणि टोकावर खालून एक हलका ठोका दिला. मग दुसरा. टोक सुटून तिच्या तळहातात पडलं.

गोंद सगळा अक्रोडाच्या तोंडावरच राहिला होता. कडेने खडबडीत, म्हणजे तिथे त्याने कोकोबोलो धरून ठेवलं होतं. मात्र नळीच्या खोबणीखाली, ऐन मध्यावर, एक लांबट गुळगुळीत डाग होता. तिथे गोंदाने कधी काही धरलंच नव्हतं. मार्लिस वाकली, उजेड यावा म्हणून बाजूला झाली, पुन्हा वाकली. डागात बारीक रेघा होत्या, एकीत एक वळत गेलेल्या. त्यांना आरपार छेदणारा एक तिरका वण होता.

बाबांच्या अंगठ्यावरचा करवतीचा वण.

कोकोबोलोच्या अंगात तेल फार. डकवण्याआधी ते ॲसिटोनने पुसायचं, आणि पुसलं की त्याला हात लावायचा नाही. या खोलीत शिकायची ती पहिली गोष्ट होती. बाबा तेव्हा ओरडायचे, "पुसल्यावर स्वतःच्या नाकालासुद्धा बोट लावायचं नाही!" आणि मार्चमध्ये कधीतरी, पुसून झाल्यावर, ठोकळा त्यांच्या हातून निसटत असावा. किंवा तोंड सपाट झालंय ना, हे त्यांना एकदा अंगठ्याने बघावंसं वाटलं असेल. ती मागे वळली असती, तर तिला दिसलं असतं.

"काय आहे?" ऑरिन येऊ लागला. "काय सापडलं?"

ती नुसती बाजूला सरली असती, तरी पुरे होतं. बाबांच्या त्या हातात ऑरिनने उभा जन्म हात दिला होता. वण त्याने ओळखला असता. उद्या तळावर वेगळी गोष्ट सांगितली गेली असती, आणि ते दोन ठोकळे कुठेच गेले नसते.

मार्लिसने त्या डागावर आपला अंगठा ठेवला.

"मी हात लावला होता," ती म्हणाली. "पुसून झाल्यावर. माझा अंगठा उठलाय."

"तू बसवलं होतंस टोक?"

"हो."

"आणि हॅल्वरने बघितलं नाही?"

"त्यांना सांगितलंच नाही मी."

ऑरिनने खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि शेगड्यावर वाकला. तिचा अंगठा डागाच्या बरोबर मधोमध होता. त्याच्या भोवतीने त्या रेघा बाहेर उरत होत्या, आणि वणाची दोन्ही टोकं दोन बाजूंनी डोकावत होती.

त्याची नजर वणाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेली, मग तिच्या अंगठ्यावर.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मग घासून काढ आता."

बाकावरची कानस त्याने तिच्याकडे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

मार्लिसने अंगठा उचलला नाही.