जळणाची घोडी

शेवंताच्या धाकट्या दिराने अंगणात फळ्यांच्या दोन फुल्या ठोकल्या, आडव्या पट्ट्यांनी जोडल्या आणि वरच्या खाचेत जळणाचा ओंडका ठेवला. “बघ, घोडी तयार. आता लाकूड पायाने दाबून धरायला नको,” तो बायकोला कौतुकाने म्हणाला.

ओट्यावरून बघणाऱ्या शेवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षं ती याच अंगणात ओंडक्यावर पाय रोवून करवत चालवत होती. तिच्या नवऱ्याने कधी साधा ठोकळासुद्धा आणून दिला नव्हता. आणि काल-परवा लग्न होऊन आलेल्या मंदासाठी एवढा थाट!

दिराची पाठ वळताच ती कुऱ्हाड घेऊन तरातरा घोडीपाशी गेली. घाव घालायला तिने हात उचलला, तेवढ्यात मंदा करवत घेऊन आली.

“जाऊबाई, उंची बरोबर आहे ना? मागच्या आठवड्यात तुमचा अंगठा कापला, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, आधी जाऊबाईंसाठी घोडी करा.”

शेवंताने कुऱ्हाड ठेवली आणि करवत घेतली. ओंडका जराही हलला नाही. हेवा मात्र तसाच राहिला. मंदाने नवऱ्याला एकदाच सांगितलं होतं, आणि त्याने ऐकलं होतं.