खांद्यावरच्या पुळ्या

दवाखान्यातल्या, दुसऱ्याच्या औषधाचा त्रास अंगात उतरवणाऱ्या खुर्चीवर गिरिधर पाच मिनिटं बायकोच्या गोळीचा त्रास भोगत होता. गोळीचा त्रास नवऱ्याने आणि पुरुषांनी खांद्याला चोळायच्या जेलचा बायकोने अनुभवल्याशिवाय हल्ली संततिनियमनाचं औषधच मिळत नसे.

"मळमळतंय हो! डोकंही ठणकतंय," तो कण्हला. "तिचं ते इंजेक्शन लावून बघा."

इंजेक्शनचा नमुना सुरू झाला आणि त्याला उगाचच रडू कोसळलं.

शेजारच्या खुर्चीत मृणालिनी निवांत होती. जेलमुळे खांद्यावर पुळ्या खाजत होत्या, एवढंच. दोन वर्षं ती गोळी घेऊन कीर्तनाला उभी राहिली होती. पूर्वरंग संपेतो भोवळ यायची. गिरिधर म्हणायचा, "मनाचे खेळ तुझ्या!"

"मग काय लिहू?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गोळीच बरी," तो डोळे पुसत म्हणाला. "तिला सवय आहे. मला उघड्या अंगाने पूजेला बसावं लागतं, पुळ्या बऱ्या दिसतील का?"

मृणालिनीने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. देवळातल्या उंदराकडेही ती याहून मायेने बघत असे.

"जेलच लिहा," ती म्हणाली. "देवाला पुळ्या चालतात. आणि नाहीच लावलं, तर आजपासून यांचं अंथरूण हॉलमध्ये."