तीन चाकू, एक दोरी

ट्रामचा घोडा रस्त्यात कोसळला की त्याचा साज चटकन कापता यावा, म्हणून साहेबांनी प्रत्येक शिपायाला चाकू द्यायचं ठरवलं. नमुन्याचे तीन चाकू गिरगावच्या चौकीत ठेवून ते म्हणाले, "हवालदार, नीट पारखून ठेवा. उद्या सांगाल तोच सगळ्यांना मागवतो."

हवालदार राणे पेचात पडले. पारखायचे कशावर? चौकीत दोरी होती एकच, आणि तिने भुलेश्वरात पकडलेल्या लहू खिसेकापूचे हात बांधलेले होते.

"माझ्या दोरीवर बघा की! मी काय हलत नाही," लहू गरिबासारखा म्हणाला.

हस्तिदंती मुठीचा चाकू दिसायला देखणा, पण दोरीवरून नुसताच घसरला. घडीचा चाकू उघडताना राण्यांचं नख मोडलं.

"एवढ्यात घोडा उठून घरी जाईल," लहू म्हणाला आणि शिपाई खो खो हसले.

तिसऱ्या, साध्या लाकडी मुठीच्या चाकूने मात्र दोरी एका झटक्यात तुटली. अख्ख्या चौकीने टाळ्या पिटल्या. चाकू बाकावर ठेवून, दोरी किती सुबक कापलीय ते बघायला राणे आणि शिपाई सगळे एकदम खाली वाकले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. "मग, कोणता ठरला?"

"लाकडी मुठीचा, साहेब. त्याला तोड नाही."

"आणा बघू इकडे."

 

राण्यांनी मान खाली घातली. "साहेब, लहूलाही तोच पसंत पडला."