सोनेरी काठाचा कप

सासूबाईंच्या फडताळात कपांचे तीन वर्ग होते. सोनेरी काठाचे जावयासाठी, फुलाफुलांचे शेजारपाजाऱ्यांसाठी, आणि खालच्या फळीवर कान तुटलेला एकच, कामाला येणाऱ्यांसाठी. त्यात सकाळच्याच चोथ्यावर पाणी ओतून उकळलेला चहा जायचा.

नळवाला गेली सहा वर्षं हा चहा निमूट पीत आला होता. तो नळ दुरुस्त करून जायचा आणि महिना-दोन महिन्यांत नळ पुन्हा गळायला लागायचा. "हल्लीच्या लोकांच्या हातात कसबच राहिलं नाही," सासूबाई सांगत सुटायच्या.

आज त्या स्वयंपाकघरात आल्या, तर नव्या सुनेने नळवाल्याच्या हातात सोनेरी काठाचा कप दिलेला, बशीसकट. आत आलं घातलेला, दाट दुधाचा चहा. सासूबाईंनी डोळे वटारले, पण सुनेला ती भाषा अजून यायची होती. नळवाल्याने कप फिरवून फिरवून पाहिला, चहा घोट घोट संपवला आणि बशी कपाखाली नीट ठेवून दिली. मग नुकताच बसवलेला वायसर त्याने पुन्हा काढला आणि पिशवीच्या अगदी आतल्या कप्प्यात हात घातला.

"अरे, आता तर बसवलास ना? मग परत का काढलास?" सासूबाईंनी विचारलं.

"तो कान तुटलेल्या कपाचा होता, मावशी."