आपली की बाहेरची

"आपली की बाहेरची?" संपादकांनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला.

पलीकडे मोठ्या इस्पितळातले डॉक्टर होते. शाळेपासूनचे दोस्त, पण आजचा फोन दोस्तीखातर नव्हता. गेल्या महिन्यात एका डॉक्टरने अडलेल्या बाईचा गर्भ काढला, तेव्हा संपादकांनी त्याचा फोटो पहिल्या पानावर छापला होता. वर मथळा : 'देशाची कूस उजाड करणारे हात'. दुसऱ्या दिवशी त्याच्या दवाखान्याची एक काच धड उरली नाही. कायदा अजून बदलला नव्हता, नुसती चर्चा चालू होती. पण तेव्हापासून शहरातले डॉक्टर कायद्याऐवजी संपादकांना विचारू लागले. संपादकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट अंगावर मूठभर मांस चढलं.

"पाचवा महिना आहे," डॉक्टर म्हणाले. "पाणी गेलंय, ताप चढतोय. मूल वाचणार नाही. थांबलो तर बाईही जाईल. मी तयार आहे, पण उद्या तू काय छापणार ते कळल्याशिवाय इथे कुणी हात लावायला तयार नाही."

"मी ताप विचारलाच नाही. आपली असेल तर ती देशाची लेक. तिच्या पोटात देशाचा वारस. मग मी तुलाही सोडणार नाही, सांगून ठेवतो."

"आणि बाहेरची असली तर?"

"मग जगली काय नि मेली काय! बाहेरच्यांची पोरं मोजायला बसलोय का मी?"

संपादक स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. समोर बसलेल्या उपसंपादक बाई हसल्या नाहीत. त्या पेन्सिलीला टोक करू लागल्या.

डॉक्टरांनी तिकडे कुणाला तरी ट्रॉली तयार ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "बाहेरची आहे."

"मग माझा वेळ कशाला खातोस? उरक की!"

"थांब, फोन स्पीकरवर टाकतो. भूलतज्ज्ञ इथेच आहेत. त्यांना सांग."

संपादकांनी सभेतला आवाज काढला. "परकी बाई आहे. आमच्या पेपरात एक ओळ येणार नाही. बिनघोर करा, माझा शब्द आहे."

फोन ठेवून त्यांनी चहा मागवला आणि अग्रलेख सांगायला घेतला.

"लिहा. हे खूळ बाहेरून आलेलं आहे. आपल्या लेकी असलं काही मागत नाहीत."

"आणि एखादीनं मागितलं तर, सर?"

"तर ती आपली नव्हेच. त्यात विचारायचं काय? लेकीबाळी आमच्याही घरात आहेत."

बाईंनी निमूट लिहून घेतलं. पगार त्याचाच होता.

तिकडे इस्पितळात ट्रॉली हलली. नर्सने शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार उघडून धरलं. डॉक्टर खाली वाकले आणि तापलेल्या कपाळावर हात ठेवून हलकेच म्हणाले, "चल पोरी, तुझ्या बाबांनी होकार दिलाय."